सिद्ध कुणी करायचं

झोम्बाच्या तुरुंगात मंगळवारी माझा वर्ग भरतो.
फळा नाही. भिंतीवर कोळशाने लिहायची परवानगी आहे,
तीही जाताना पुसून टाकायच्या अटीवर.
समोर सव्वाशे माणसं, गुडघ्याला गुडघा लावून,
आणि मध्ये, पुरावा म्हणून नाही, नुसती समजावण्यापुरती,
पहारेकरी गोम्बेची लाल सायकल.

मी झिओने. वीस वर्षं पाढे शिकवले,
आता कलमं शिकवते. फरक फारसा नाही:
घोकून येतात, ऐनवेळी आठवत नाहीत.

भिंतीवर लिहिते: आरोपी.
म्हणजे कोण?
"चोर!" सगळे एका सुरात.
अरे बाबांनो, स्वतःबद्दल बोलताय.
हसू पिकतं, पण अर्धंच.

आरोपी म्हणजे ज्याच्याकडे कुणीतरी बोट दाखवलंय
असा माणूस. बस, इतकंच.
आणि बोट दाखवणाऱ्याचं काम तिथे संपत नाही,
तिथे सुरू होतं. कधी, कुठे, कुणी पाहिलं,
सगळं त्यानेच सांगायचं.
तुम्ही गप्प राहिलात तर ती कबुली नव्हे.
गप्प राहणं हा हक्क आहे.
माझ्या नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही.

लामेक उठतो. सायकलवर गिऱ्हाइकं वाहायचा,
चौदा महिने इथे आहे, तारीख नाही.
मक्याच्या गिरणीपाशी अंधारात दोन लाल सायकली टेकवलेल्या,
त्याने एक नेली, ती दुसऱ्याची निघाली.
"नेली तर मीच ना, बाई? मग आता काय राहिलं?"

राहिलं ते मन.
सायकल हाताने नेता येते,
चोरी मनाने करावी लागते.
आणि मन कोर्टाला दिसत नाही,
म्हणून ते आजूबाजूचं बघतं:
लपवलीस का? रंग दिलास? विकायला काढलीस?
"तिच्यावरून चर्चला गेलो," लामेक म्हणतो,
"मालक माझ्यापुढे दोनच बाकांवर बसला होता."

आता हसू पूर्ण पिकतं. गोम्बेसुद्धा हसतो.
हेच वाक्य, मी सांगते, याच शब्दांत, न्यायाधीशांसमोर.
आणि तोवर जामीन माग. जामीन म्हणजे
सुटका विकत घेणं नव्हे. तो शब्द असतो,
तारखेला परत येईन हा,
आणि त्या शब्दामागे उभं एक माणूस,
ज्याचं घर कुठे आहे ते चारजणांना माहीत आहे.
तुझी बहीण एनिफा चालेल.

"आणि ज्याचं कुणीच नाही?"
कायद्यात त्याला उत्तर आहे.
या अंगणापर्यंत ते अजून चालत आलेलं नाही.
एवढं मी खरं सांगते.

उठायची वेळ झाली तेव्हा मागून आवाज.
म्हातारे बिसविक, जे कधी बोलत नाहीत.
"बाई, आणि मी खरंच चोरली असेल तर?
शेळी."

कुणी हसत नाही.
मी कोळसा खाली ठेवते.

तरीही सिद्ध त्यांनीच करायचं, बिसविक.
तुम्हाला जे ठाऊक आहे
आणि त्यांना जे दाखवता येतं,
त्या दोन्हींत एक अंतर आहे.
त्या अंतरात लामेक राहतो, मी राहते,
ज्यांनी काहीच केलं नाही तेही राहतात.
ते बुजवलं तर चोर सोडून संन्याशालाच फाशी,
आणि संन्यासी रोज नवा.

"पण मला सांगायचंय," ते म्हणतात.
"गाभण होती. मला माहीत नव्हतं."

सांगणंही तुमच्याच हातात आहे.
आधी वकिलाशी बोला, मग कोर्टात.
शिक्षा किती ते ठरवताना हेही ऐकतात,
ऐकायला हवं, असं लिहिलेलं तरी आहे.
ते मान हलवतात, पण माझ्याकडे बघून नाही.

ओल्या फडक्याने भिंत पुसते.
बाकी सगळं जातं,
"आरोपी" मात्र पुसट राहतो, गेल्या मंगळवारच्या "आरोपी"वर.

गोम्बे सायकल न्यायला येतो.
सीट चाचपतो, घंटी वाजवून बघतो,
दोनदा खात्री करतो
आपलीच आहे ना.